एमडी सायकियाट्री झालं, आता नोकरी सांभाळून रिसर्च कसा करायचा? (कोल्हापूर)

नवा_सायकी_कोप
नमस्कार मंडळी. एमडी करून इथंच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागलोय. थिसिस करताना रिसर्चची खरंच गोडी लागली होती पण आता सकाळी ओपीडी, दुपारी बाकीच्या वॉर्डांतले रेफरन्स, संध्याकाळी सर्टिफिकेटं, आणि वरचे म्हणतात पेपर लिहा, त्यासाठी आठवड्यातला अर्धा दिवस मागितला तर जमत नाही म्हणतात. डोक्यात प्रश्न भरपूर आहेत. साखर कारखाने सुरू झाले की फॉलोअपचे पेशंट गळतात आणि उन्हाळ्यात रिलॅप्स घेऊन, म्हणजे आजार उलटून, येतात असं मला वाटायलंय, हे मोजून बघायचंय. गाईड नाही, स्टॅटिस्टिशियन नाही, फंड नाही. कुणी असं केलंय का? कशानं जमलं, कुठं अडलं?

गडहिंग्लजची_डॉक्टर
प्रश्न लई चांगलाय डॉक्टर, सोडू नका. याला फंड लागत नाही, नीट लिहिलेले केसपेपर लागतात आणि अडतं तिथंच. कुणी गाव लिहितं कुणी नाही, कुणी निदान आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीप्रमाणे लिहितं कुणी नुसतं सायकोसिस लिहून सोडतं, मग मागचे कागद काढले की निम्मी माहितीच सापडत नाही. आजपासून प्रत्येक नव्या पेशंटचं गाव, काम, आजार सुरू झाल्यापासून आपल्याकडं येईपर्यंत किती महिने गेले, मधे देवर्षीकडं गेले का, पुढची तारीख पाळली का, एवढं एकाच साच्यात लिहायला लागा.
आणि एक, ऊसतोडवाले बरेचसे बीडकडनं येतात, ते हंगामातच इथं असतात आणि नंतर गावी जातात. आपला शेतकरी किंवा ट्रॅक्टरवाला मात्र हंगामात कामात अडकतो म्हणून येत नाही. दोघांची गळती एकत्र मोजली तर आकडा काहीच सांगणार नाही. हे वेगळं केलंत तर पेपरात खरा दम येईल.
नैराश्य मोजायचं स्केल, म्हणजे प्रश्नावली, निवडतानाही बघा, पीएचक्यू-९ फुकट वापरता येतं, बेकचं विकत घ्यावं लागतं.

पीएसएम_वाली
जुन्या रेकॉर्डवरचं काम असलं तरी संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडं आधी जा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाइन्सनुसार नावं काढलेल्या डेटासाठी संमतीची सूट मागता येते, द्यायची की नाही ते कमिटी ठरवते. पेशंटला स्वतः संमती देता येत नसेल आणि नुसतं रेकॉर्ड न बघता त्याच्यावर औषध किंवा उपचाराचा प्रयोग करायचा असेल तर मात्र २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टचं कलम ९९ वाचूनच पुढं जा, तिथं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते; अशा पेशंटचे नुसते केसपेपर ओळख गुप्त ठेवून बघायला तेच कलम मुभा देतं. स्टॅटिस्टिक्सवाल्याला डेटा गोळा करायच्या आधी भेटा. नंतर भेटलात तर तो काही करू शकत नाही. शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, जाऊन बोलून बघा. सॉफ्टवेअरला पैसे नकोत, आर आणि जामोवी फुकट आहेत.

जुना_मनोविकारवाला
वरचं सगळं बरोबर आहे पण वेळेचं कुणी बोललं नाही, आणि तरुण पोरं रिसर्च सोडतात ती वेळेपायीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात पाहणी केलेल्या बहुतेक राज्यांत लाख माणसांमागं एक सायकियाट्रिस्टसुद्धा नव्हता, म्हणजे ओपीडीची गर्दी आपोआप कमी होणार नाही. रात्री जागून एखादा पेपर होतो, पण त्यावर सगळं करिअर काढता येत नाही. अर्धा दिवस लेखी मागा, पुन्हा पुन्हा मागा, सोबत एका पानाचा प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, जोडा.
आणि एकटे करू नका. सांगली, मिरज, रत्नागिरीकडं तुमच्या वयाचे लोक आहेत, तोच साचा त्यांनी त्यांच्या ओपीडीत भरला तर पेशंटही वाढतील आणि कुणी रजेवर गेलं तरी काम थांबणार नाही. कुणाचं नाव कितव्या नंबरला ते पहिल्याच मीटिंगला लिहून ठेवा, पुढं यावरनंच मैत्री तुटते. प्रमोशनच्या घाईत पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलला देऊ नका.

नवा_सायकी_कोप
मनापासून आभार सगळ्यांचे. बीडवाले आणि इथले वेगळे धरायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. साचा बनवून इथं टाकतो, गडहिंग्लजच्या मॅडम, तुम्ही कामधंद्याचे रकाने बघाल का? आणि सांगली-मिरजेतलं कुणी वाचत असेल तर मेसेज करा.