मदत हवी आहे: परावलंबन आणि जागतिक व्यवस्था, नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी, मी परभणीकडची, एम.ए. समाजशास्त्र करतेय, पेपर जवळ आलाय अन् एका जागी लई अडकलेय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रोस्टोवचं समजलं, 1960 मधलं, विकासाच्या पाच पायऱ्या, गरीब देशांनी बी त्याच चढायच्या. पण मला ते पटत नाही, कारण त्यात वसाहतींची लूट कुठंच मोजलेली नाही. गुंडर फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाचं परावलंबन, म्हणजे श्रीमंत देशांनी लुटून आपल्यावर अवलंबून ठेवल्यानंच गरीब देश मागं राहतात, हे मात्र लगेच डोक्यात बसलं, आमचा कापूस बघा ना, बाबा पहाटे गाडी भरून जिनिंगला नेतात, चार-चार तास रांगेत थांबतात अन् भाव ठरवणारा भलताच, इंग्रजांच्या काळात तर इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत यायचा.

पण मग समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टीन 1974 ला त्याच्या जागतिक व्यवस्थेत केंद्र (श्रीमंत देश), परिघ (गरीब देश) अन् मधला अर्ध-परिघ म्हणतो, त्यात वेगळं नेमकं काय? फक्त एक मधला थर वाढवला का? अन् दक्षिण कोरिया गरिबीतून वर आला तो कोणत्या सिद्धांतात बसवायचा? कुणी शिकवत असेल किंवा नेट-सेट झालेलं असेल तर साध्या मराठीत सांगा प्लीज, मराठी नोट्स असतील तर त्या पण चालतील.