अनुभव धागा : कोरड्या मुलखातल्या आगगाड्या आणि जपलेली इंजिने

गोदाकाठ (पूर्णा) :
राजस्थानात मारवाड जंक्शन ते खामलीघाट धावणाऱ्या ‘व्हॅली क्वीन’ गाडीची छायाचित्रे काल पुतण्याने पाठवली आणि त्यातला मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीचा अरुंद रूळ पाहताच मला आमची मीनाक्षी एक्सप्रेस आठवली. मीटरगेजच्या काळात ती पूर्ण्याहून हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा, रतलाम, चित्तोड, अजमेर असा प्रवास करत थेट जयपूरला जात असे. मेळघाटात धूळघाटापाशी रूळ चढ कापण्यासाठी स्वतःभोवतीच वळसा घेत आणि वरच्या रुळावरून मुले खालचा रूळ शोधत बसत. पुढे चित्तोडनंतर हवा कोरडी होई, झाडे खुजी होत आणि खिडकीतून आत येणारी माती आपल्या काळ्या मातीपेक्षा हलकी व पिवळसर असे. 2008 साली अकोला-पूर्णा मार्गाचे रुंदीकरण झाले आणि तो सलग प्रवास संपला. रुंदीकरण आवश्यकच होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र पूर्ण्यासारख्या जंक्शनच्या गावात, जिथे घरटी कोणीतरी रेल्वेत होते, तिथल्या आजच्या मुलांना मीटरगेजचा डबा दाखवायला राजस्थानात न्यावे लागते, याचे मनापासून वाईट वाटते. आपण राजस्थानात किंवा दुसऱ्या एखाद्या वाळवंटी प्रदेशात आगगाडीने फिरला असाल, तिथली रेल्वे संग्रहालये पाहिली असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

मांजराकाठचा (लातूर) :
दादा, मी मारवाडहून जोधपूरला जाताना पाली स्टेशनावर बराच वेळ खिडकीशी उभा होतो, कारण 2022 च्या उन्हाळ्यात जोधपूरहून याच पालीला आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले होते. लातूरच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाणीगाडी लातुरात आली तेव्हा तिला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे होते आणि प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या वाघिणी आतून धुऊन, पिण्याच्या पाण्यासाठी तयार करून राजस्थानातल्या कोटा येथील कारखान्यातून मिरजेला आल्या होत्या. त्याच वर्षी 19 मे रोजी जोधपूर-जैसलमेर मार्गावरच्या फलोदी गावात 51 अंश तापमान नोंदले गेले. म्हणून वाळवंटातली आगगाडी केवळ देखाव्यासाठी पाहणे मला जमत नाही; तिने तिकडे काय वाहून नेले, हा प्रश्न आधी मनात येतो. एखाद्या रेल्वे संग्रहालयात राजघराण्याच्या खास डब्याशेजारी पाण्याची एक साधी वाघीणही ठेवलेली असावी, असे मला फार वाटते.

शमीपत्र (परभणी) :
लातूरकर दादांचे वाचून डोळे भरून आले. त्या उन्हाळ्यात माझी बहीण लातुरातच होती आणि घागरींच्या रांगेतूनच ती मला फोन करीत असे.

जोधपूर-जैसलमेरबद्दल लिहिते. ओसियाँ गेल्यावर वाळू रुळाच्या अगदी जवळ येते. फलोदी, रामदेवरा, पोकरण या टप्प्यात मैलोन्‌मैल खेजडीशिवाय मोठे झाड दिसत नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. तिकडे तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, रोजच्या जेवणात भाजी होते. रामदेवऱ्याला डबा एकदम रिकामा झाला, कारण निम्मे प्रवासी रामदेवजींच्या दर्शनाला निघालेले होते. समोरच्या आजींनी उतरताना माझ्या हातावर बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी ठेवली, आणि ती आपल्या घरच्यासारखीच लागली. पोकरणच्या पुढचा जैसलमेरपर्यंतचा रूळ 1965 च्या युद्धानंतर, सरहद्दीची निकड ओळखून टाकला गेला. दुपारी खिडकी बंदच ठेवावी, कारण वाळू इतकी बारीक असते की ती डब्यातही शिरते. जैसलमेरची पहाट मात्र उघड्या दारातून, अर्थात हात घट्ट धरून, अवश्य पाहावी.

जुना गार्ड (नांदेड) :
ताईंनी 1965 चा उल्लेख केला म्हणून लिहितो. बाडमेरहून मुनाबावकडे जाणाऱ्या मार्गावर गडरा रोड येथे त्या युद्धात कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी 9 सप्टेंबरला रेल्वेतली माणसे तिथे जमतात. त्यांच्याजवळ शस्त्रे नव्हती; सैन्याचे सामान पुढे पोहोचावे म्हणून बॉम्ब पडत असताना ती रूळ सांभाळत राहिली. मी आयुष्यभर रेल्वेची नोकरी केली. संग्रहालयातली चकचकीत इंजिने मला आवडतात, परंतु गडरा रोडच्या स्मारकावरच्या नावांपुढे मी जितका वेळ उभा राहिलो तितका कुठल्याही इंजिनापुढे राहिलो नाही.

इंजिनेच पाहायची असतील तर रेवाडीला जावे. दिल्लीहून रेवाडीपर्यंतचा रूळ 1873 साली सुरू झाला आणि भारतातले मीटरगेज तिथूनच सुरू झाले. तिथली 1893 ची लोको शेड, म्हणजे इंजिने ठेवण्याची जागा, आता वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय आहे. 1855 साली इंग्लंडात बांधलेले ‘फेअरी क्वीन’ नावाचे वाफेचे इंजिनही तिथे ठेवले जाते. भट्टी पेटवून वाफ तयार व्हायला कित्येक तास जातात, हे ज्याने भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे काम जवळून पाहिले आहे त्यालाच नीट कळते.

निंबोळी (छत्रपती संभाजीनगर) :
मुलगी अमेरिकेत अॅरिझोनात राहते, त्यामुळे ग्रँड कॅन्यन रेल्वेने जाण्याचा योग आला. विल्यम्स गावाहून ग्रँड कॅन्यन या दरीच्या दक्षिण काठापर्यंत जाणारा हा सुमारे 64 मैलांचा मार्ग 1901 मध्ये सुरू झाला. पुढे लोक मोटारीने जाऊ लागल्याने 1968 मध्ये प्रवासी गाडी बंद पडली आणि 1989 मध्ये ती पुन्हा धावू लागली. वाफेचे इंजिन तिथे ठरावीक दिवशीच लावतात आणि त्यात वापरून उरलेले खाद्यतेल जाळतात. मला मात्र नेव्हाडातल्या ईली गावाची नेव्हाडा नॉर्दर्न रेल्वे अधिक भावली. तांब्याच्या खाणींसाठी टाकलेल्या त्या रेल्वेचे मूळ आवार, दुरुस्तीची शेड आणि इंजिने जागच्या जागी ठेवली आहेत. वस्तू उचलून दिव्याखाली मांडलेल्या नाहीत. लांबवर कोरडे डोंगर, जवळ तेलाचा वास आणि त्याच शेडमध्ये 1910 च्या इंजिनावर काम करणारी माणसे, असे ते संग्रहालय आहे. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेचे असे काही झाले असते! अडीच फुटी रुळाची ती गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला गेली आणि पुढे लातूरपर्यंत आली. तिचे आवार तसेच राखले असते तर आज शाळांच्या सहली तिथे गेल्या असत्या.

तुळजाई (धाराशिव) :
सर्व अनुभव वाचले. माझ्या आईचे वय झाले आहे, पण बार्शी लाइटचे नाव काढले की ती अजून खुलते. तिला खामलीघाटची गाडी सोसेल का आणि कोणत्या महिन्यात जावे, हे कोणी सांगू शकेल का?

गोदाकाठ (पूर्णा) :
ताई, आईंना अवश्य न्यावे. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या गाडीच्या डब्याला मोठ्या काचा आहेत, त्यामुळे बसल्या जागेवरून सगळे दिसते. इंजिन वाफेच्या इंजिनासारखे दिसत असले तरी ते डिझेलवर चालते, हे आईंना आधीच सांगावे. पाऊस संपता संपता गेल्यास अरवलीचा डोंगर हिरवा असतो आणि गोरमघाटाजवळचा धबधबाही वाहत असतो. उन्हाळा टाळावा. गोरमघाटाला माकडे फार आहेत, म्हणून खाण्याचा डबा पिशवीत बंद ठेवावा, आणि निघण्यापूर्वी गाडीचे वार रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत, कारण ती रोज धावत नाही.