म्हणे बेडकाचं वाय गुणसूत्र मागासलेलं!

डबकेवाला: काल एका महाशयांनी इथे लिहिलं, "माणसाचं वाय (एक्सच्या जोडीचं, नर ठरवणारं गुणसूत्र) झिजून टीचभर झालं, बेडकाचं अजून एक्सएवढंच आहे, म्हणजे बेडूक उत्क्रांतीत मागे पडला." डोकंच फिरलं. अहो, रानिडी या बेडकांच्या कुळातल्या 28 जाती तपासल्या तर लिंगगुणसूत्राची जोडी किमान 13 वेळा बदललेली निघाली (2018), म्हणजे नर-मादी ठरवायचं काम दुसऱ्याच जोडीकडे गेलं. नव्या वायला झिजायला वेळच कुठे मिळतो? जपानच्या ग्लँडिराना रुगोसा या एकाच जातीत कुठे नर एक्सवाय, तर कुठे मादी झेडडब्ल्यू (तिथे नर झेडझेड, मादी ठरते डब्ल्यूमुळे). याला मागास म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी: सगळं श्रेय बदलाबदलीला नको. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे संशोधक निकोला पेरँ यांची 'तारुण्याचा झरा' ही कल्पना विसरलात. कधीतरी एखादं एक्सवाय, म्हणजे खरं तर नर पिल्लू मादी म्हणून वाढतं आणि तिच्या शरीरात एक्स-वायची देवाणघेवाण होते. वाय पुन्हा ताजंतवानं. युरोपातल्या झाडबेडकात जोडी तीच, तरी एक्स-वाय सारखेच दिसतात, ते कशाने?

खोडवा: नर मादी होतो म्हणताय, तर अ‍ॅट्राझिन या तणनाशकाबद्दल बोला की! अमेरिकेतल्या बर्कलेच्या संशोधक टायरोन हेझने 2010 मध्ये झेनोपस बेडकाचे 40 नर अब्जात अडीच भाग अ‍ॅट्राझिनच्या पाण्यात वाढवले. दहा टक्के माद्या झाले, अंडीसुद्धा घातली. आमच्याकडे उसात तेच मारतात. लहानपणी पहिल्या पावसात विहिरीवर झोपू द्यायचे नाहीत बेडूक. आता चिडीचूप.

सूक्ष्मदर्शी: विषय काय, चाललंय काय! तुमची विहीर म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्यांच्या प्रयोगात हा परिणाम दिसला नव्हता.

खोडवा: तणनाशक बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने केलेल्या! तेही सांगा ना. एसीत बसून आम्हाला पुरावा शिकवू नका.

डबकेवाला: भांडा खुशाल, पण खोडवासाहेब चुकून विषयावरच आलेत. झेनोपसचा नर झेडझेड. तो मादी झाला आणि दुसऱ्या नराशी जुळला, तर पिल्लं सगळी झेडझेड. डब्ल्यू त्या घरातून गायब! गुणसूत्राची जोडी बदलण्याची सुरुवात अशीही होऊ शकते.

खोडवा: चुकून म्हणे! निदान 'साहेब' तरी म्हणालात.

सूक्ष्मदर्शी: बरं, विषयाला धरून आहे. विहीर सोडून.

कालचा महाशय: 'मागे पडला' हे शब्द मागे घेतो. माणसाचं वाय झिजलंय हे तरी खरं ना, की तेही उसातल्या औषधाने?