सीरियन लेखिका समर यझबेकने असदच्या सैनिकावर कादंबरी लिहायला हवी होती का?

रानवारा: समरची 'व्हेअर द विंड कॉल्स होम' वाचून झाली आणि खरं सांगते, राग आला. अली, सीरियाचा तेव्हाचा हुकूमशहा असदच्या फौजेतला १९ वर्षांचा पोरगा, आपल्याच बाजूचा बॉम्ब चुकून पडतो आणि तो डोंगरात झाडाजवळ जखमी पडलाय, बस्स. भाषा सुंदर आहे, मान्य. पण असदविरुद्धच्या २०११ च्या उठावाचे पहिले महिने याच बाईंनी डायरीत लिहिले, त्यांना धमकवायला कोठडीतली छळ झालेली पोरं दाखवली होती. हे सगळं बघून मारणाऱ्यांच्या सैनिकावर एवढी माया?

पिंपळपान: अजिबात पटलं नाही. समर स्वतः अलावी, किनाऱ्यावरच्या जबले गावची. अलावी हा सीरियातला अल्पसंख्य पंथ, म्हणजे ती असदच्याच जमातीतली. विरोधात गेली तर आपल्याच माणसांनी गद्दार म्हटलं, देश सोडून पॅरिसला जावं लागलं. त्या डोंगरातल्या गरिबांना असदच्या राज्यात मिळालं काय, तर पोरांच्या शवपेट्या, हे तिने नाही लिहायचं तर कोणी? आणि दमास्कसजवळचा घूटा, जिथे असदविरोधकांच्या भागावर रासायनिक हल्ला झाला, तोही तिनेच लिहिलाय की. 'प्लॅनेट ऑफ क्ले' मधली रीमा बोलत नाही, तिचे पाय थांबत नाहीत म्हणून आई तिला दोरीने बांधून ठेवते, आणि २०१३ चा रासायनिक हल्ला आपण त्या पोरीच्या नजरेतून बघतो. मला तर ते वाचताना मध्येच पुस्तक मिटावं लागलं.

जुनावाचक: माझं मत वेगळंच आहे, कादंबऱ्यांपेक्षा तिचं 'द क्रॉसिंग' हे अनुभवकथन कितीतरी मोठं. तुर्कस्तानची सीमा चोरून ओलांडून ती उत्तर सीरियातल्या इदलिबमध्ये परत गेली, बायकांना भेटली, बंडखोरांशी बोलली आणि जिहादी गट उठावात कसे घुसले तेही लपवलं नाही.

रानवारा: @पिंपळपान गरीब तर घूटावालेही होते ना, पण बंदूक कुणाच्या हातात होती?

पिंपळपान: अलीच्या हातात होती, नाकारत नाहीच. पण डिसेंबर २०२४ ला असद मॉस्कोला पळाला आणि मार्च २०२५ मध्ये किनाऱ्यावर अलावींची कत्तल झाली, जबलेच्या भागातसुद्धा, आणि मेले ते बहुतेक गावातले साधे लोक. अख्ख्या जमातीला गुन्हेगार धरलं की हेच होतं, आणि ही कादंबरी त्याच्या आधीची आहे, २०२१ ची.

रानवारा: त्या कत्तलीचं समर्थन कोणीच करणार नाही, मीही नाही. तरी अलीच्या आईइतक्याच जवळून त्याच पुस्तकात समोरच्या बाजूची एक आई मला हवी होती, रीमाची आई दुसऱ्या पुस्तकात आहे म्हणून माझं समाधान होत नाही.