निश गेम: अकरातले सहाच न्यायचेत, मागं कुणाला ठेवावं?

लातूरचा_खेळगडी
निश हा प्राण्यांचा कळप पिढ्यान्‌पिढ्या वाढवायचा कॉम्प्युटर गेम. माझ्या कळपात ११ जण आहेत, ४ नर अन् ७ माद्या. बेटावरचं खाणं आटत आलंय. बंदरावर उभे राहतील तेच पुढच्या बेटावर जातात, बाकीचे कायमचे गेले. सहाच न्यायचं ठरवलंय.

तगडा नर: रोगप्रतिकाराची जनुकं ए-बी (दोन अक्षरं, एक आईकडून, एक बापाकडून), पंजा जबरदस्त. दोन नर त्याचेच लेक, ए-बी आणि बी-सी. चौथा बाहेरून आलेला, किडकिडीत, डी-ई.
माद्यांत चार त्याच्याच लेकी: तिघी ए-बी, एक ए-सी. बाहेरून आलेली एक सी-डी, पण नजर अधू. उरलेल्या दोघी म्हाताऱ्या.

माझा विचार: तगडा नर आणि पाच धडधाकट माद्या. किडकिडीत आणि अधू नजरेची मागं. बरोबर आहे का?

उदगीरी_वळू
नाही भाऊ, हे उलटं होतंय. मागं ठेवायला निघालात तीच दोघं तुमची खरी ठेव आहेत.

रोगप्रतिकाराची दोन्ही अक्षरं एकच आली की पिल्लू लवकर आजारी पडतं. आता जोड्या मांडून बघा. ए-बी आणि ए-बी: चारातलं एक ए-ए, एक बी-बी, म्हणजे निम्मी पिल्लं कच्ची. ए-बी आणि ए-सी: पाव कच्ची. ए-बी आणि सी-डी: एकही नाही. तुमच्या बेतात पाचातल्या तीन-चार माद्या त्याच्याच लेकी. बाप-लेकीच्या पिल्लात अंतःप्रजननाचं (जवळच्या रक्ताच्या जोडीचं) प्रमाण २५ टक्के, सख्ख्या भावंडांचंही तेवढंच. सावत्र भावंडांत ते १२.५ वर येतं.

असे न्या: तगडा, किडकिडीत, सी-डी, ए-सी आणि दोन ए-बी लेकी, त्यातही अन्न गोळा करण्यात ज्या सरस त्याच. मग तगडा फक्त सी-डीला लावा आणि डी-ईला तिन्ही लेकी द्या. चारही जोड्यांत एकही पिल्लू कच्चं निघत नाही. डी-ईला सी-डी मात्र देऊ नका, तिथं पाव पिल्लं डी-डी होतात.

अधू नजरेचं म्हणाल तर जनुकांचं पॅनल उघडा. ते जनुक दबणारं (दोन प्रती असल्या तरच दिसणारं) असेल आणि तगड्यात नसेल तर पहिल्या पिढीत दिसणारच नाही. पुढं फक्त तिच्याच दोन पिल्लांना एकमेकांना लावू नका.

लातूरचा_खेळगडी
पटलं. पण मग बी-सी लेकही नेऊ का? जितके नर जास्त तितकं रक्त वेगळं, असं वाटतंय.

परभणीकर
त्याचा हिशेब सोपा आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चारपट, भागिले एकूण डोकी. हा आला कळपाचा ‘कामाचा’ आकार. सहा जणांत:

१ नर ५ माद्या: ३.३
२ नर ४ माद्या: ५.३
३ नर ३ माद्या: ६

दर पिढीला अंतःप्रजनन वाढतं ते १ भागिले या आकाराच्या दुप्पट. म्हणजे पहिल्यात १५ टक्के, दुसऱ्यात साधारण ९, तिसऱ्यात ८. एकाचे दोन नर केले की मोठा फरक, दोनाचे तीन केले तर किरकोळ. शिवाय हे सूत्र सगळी एकमेकांना परकी धरून आहे. बी-सीचं अर्धं रक्त बापाचंच, बाप तर बरोबर आहेच. त्या जागी एक मादी गेलेली बरी.

आपल्याकडं उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात जाणते लोक बोकड बदलतात ते याच कारणानं. त्याच्या पाठी, म्हणजे लेकी, गाभण जायच्या वयाला आल्या की तो विकायचा आणि लांबच्या गावचा आणायचा. बोकड कितीही देखणा असो.

कंधारचा_लाल
एक भर. नवशिके ‘खराब’ जनुक दिसलं की वाहकही (एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) काढून टाकतात. त्यात कळप निम्मा होतो आणि चांगली जनुकंही जातात. नुसते बाधित (दोन प्रतीवाले) तेवढे प्रजननातून बाजूला ठेवले तरी निम्म्या प्रमाणात असलेलं दबणारं जनुक आठ पिढ्यांत १० टक्क्यांवर येतं. तेव्हा बाधित फक्त १ टक्का, पण वाहक मात्र १८ टक्के. शेवटचा हा वाटा फार हळू सरतो. त्याच्या मागं लागू नका.

निशमध्ये दोन्ही जनुकं दिसतात म्हणून बरं. जिथं लपलेली असतात तिथं संशयिताला बाधित जोडीदार द्या. पाच पिल्लं निरोगी निघाली तर तो वाहक असूनही सुटला असण्याची शक्यता ३२ मध्ये १. बाधित नसेल तर पक्का वाहक जोडीदार चालेल, पण मग तेवढ्याच खात्रीला बारा पिल्लं लागतात.

आणि ‘वाईट’ म्हणजे काय तेही तपासा. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या लांडग्यांत काळ्या रंगाचं जनुक मुळात कुत्र्यांकडून आलं. त्याची एक प्रत असलेले डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाच्या साथीत जास्त तगतात, दोन प्रतीवाले मात्र कमी जगतात. शुद्ध काळ्याची ओळ काढायला गेलात तर हातचं घालवून बसाल.

लातूरचा_खेळगडी
म्हाताऱ्यांना आत्ताच सोडू की निघेपर्यंत ठेवू?

उदगीरी_वळू
निघायच्या दिवसापर्यंत ठेवा, पण कामाला जुंपा. त्यांनी खाण्यापेक्षा जास्त गोळा केलं तर ठेवायचं, नाहीतर नाही. उरलेलं घरट्याचं साहित्य गोळा करायलाही त्यांनाच लावा, तरण्यांना बंदराकडं चालत ठेवा.

नव्या बेटावर पोचल्या-पोचल्या चारही माद्या एकदम गाभण करू नका, बरेच कळप तिथंच मरतात. पिल्लू पहिले काही दिवस फारसं काम करत नाही, खातं मात्र रोज. आधी सी-डी आणि एक लेक, ती पिल्लं कामाला लागली की बाकीच्या दोघी. गोळा होणारं खाणं कळपाच्या रोजच्या गरजेपेक्षा दोन-तीननं जास्त असल्याशिवाय तिसरी मादी लावायची नाही.