कौलं बदलायची सोडून आराखडा कसला करता? या प्रश्नाला उत्तर

वाचनालयवाली

परवा इथे ‘सीएसआरचे सहा लाख कागदावर’ असा लेख आला. शंभरी ओलांडलेल्या एका तालुका वाचनालयाला कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, सहा लाख मिळाले, विश्वस्तांनी ते संवर्धन आराखड्यावर घालवले, छपरावरचं एक कौलही हललं नाही, अशी तक्रार. खाली ‘अगदी बरोबर’, ‘कन्सल्टंटांची चैन’ वगैरे टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं.

आमच्या वाचनालयात आराखड्याशिवाय काम झालेलं आहे, ते ऐका. देणगीदार उदार, पावसाळा तोंडावर, ठेकेदार गावातलाच. त्याने दर्शनी भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट मारला. उद्घाटनाला सगळे खूश. दोन पावसाळ्यांनी ओल आतल्या अंगाने फुटली. नेमकी ती भिंत जुन्या बांधीव मासिकांच्या कपाटांमागची. कपाट ओढलं तर मागची फळी दमट आणि अंकांचे गठ्ठे चिकटून विटा झालेले. आणि गंमत म्हणजे गळती कौलांतून नव्हतीच. पन्हळीचा उतार उलटा होता, पाणी भिंतीच्या डोक्यावर साचत होतं. हे शोधणं म्हणजेच आराखडा. कुठली तुळई वाळवीने पोकळ झालीय, पाणी कुठून शिरतं, कशाला आधी हात घालायचा आणि कशाला अजिबात लावायचा नाही.

कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारतींचं जतन स्पष्ट लिहिलंय. तरी कंपन्यांना हवी असते फीत आणि फोटो. मोजमापांना पैसे देणारा हजारात एक. त्यालाच शिव्या घातल्यात तर पुढच्या वेळी तोही रंगच देईल.

साबांखातं

ताई, तुमच्या ठेकेदाराने माती खाल्ली, त्याचं खापर सिमेंटवर कशाला? आमच्या वेळी सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता टेप घेऊन जायचा, एक खलाशी टेपचं टोक धरायचा, दोन आठवड्यांत अंदाजपत्रक टेबलावर. ना थ्रीडी स्कॅन, ना गुळगुळीत कागदावरचा अल्बम. सहा लाखांत कौलं, रिपा आणि निम्मे वासे बदलून झाले असते. पन्हळीचा उतार उलटा आहे हे कळायला वास्तुविशारद लागतो का? बादलीभर पाणी ओता, कळतं.

चुनखडी

बादलीने पन्हळ कळते, भिंत कळत नाही.

तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, म्हणून एका संस्थेने स्वस्तातला इंजिनियर आणला. त्याने जांभ्याच्या चिऱ्यावर रीबाउंड हॅमर मारला. जे यंत्र काँक्रीटसाठी आहे ते चिऱ्यावर! आकडे अर्थातच वाईट आले आणि अहवालात शेरा: सी-1. म्हणजे रिकामी करा, पाडा. नगरपरिषदेची नोटीसही आली. नंतर दुसरी, नीट तपासणी झाली तेव्हा भिंती ठणठणीत निघाल्या, कुजलेली होती ती पश्चिमेकडच्या वाशांची टोकं. स्वस्तातला कागद असा महाग पडतो.

आणि सिमेंटबद्दल. जुनी भिंत पाणी ओढते आणि सोडते. बाहेरून सिमेंट फासलं की सोडायची वाट बंद. मग ते आत येणारच. यात ठेकेदार चांगला की वाईट याचा संबंध नाही.

साबांखातं

भिंत श्वास घेते, हे वाक्य कधी येतं याची वाटच बघत होतो. गूळ, बेलफळ, उडीद घालून गिलावा करायचा म्हणजे स्वयंपाक आहे का?

चुनखडी

श्वास शब्द तुमचा, मी लिहिलेला नाही. आणि हो, स्वयंपाकच आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून आठवडेच्या आठवडे मुरवायचा, मग वाळू नाहीतर सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. दुकानातली पावडर कालवून थापली आणि सहा महिन्यांत पोपडे आले, की ‘बघा, चुना टिकत नाही’ म्हणायला तुमचं खातं मोकळं.

तिठ्यावरचा

चुना राहू दे बाजूला. त्या लेखातलं वाचनालय नसेल, पण आमचंही तसंच आहे आणि मी तिथे विश्वस्त आहे. आराखडा झाला. उत्तम झाला, मी स्वतः शिडी धरून उभा होतो. अंदाज निघाला एक कोटीच्या वर. पुढे? शासनाचं परिरक्षण अनुदान येतं, त्यातलं निम्मं पगाराला. पगार तरी कसला, आमच्या ग्रंथपालबाई संध्याकाळी शिकवण्या घेतात म्हणून घर चालतं. आराखडा देणाऱ्या कंपनीला फोन केला तर ‘या वर्षीचा फोकस जलसंधारण’. डीएसआर, म्हणजे सरकारी दरसूची, बदलतो आणि आमचा कागद शिळा होतो. कोणी तरी येतं, पानं चाळतं, ‘छान काम झालंय’ म्हणतं, चहा पिऊन जातं. वाचनालयवाली ताई, तुमचं सगळं पटतं, पण अर्धवट औषध देणाऱ्याला मी डॉक्टर म्हणणार नाही.

रोखठोक

मूळ प्रश्न कोणी विचारणार का? वाचक कुठे आहेत? वर्तमानपत्र चाळणारे चार आजोबा आणि एमपीएससीची मुलं. अभ्यासिका करा, एसी लावा, फी घ्या. छपराचे पैसे आपोआप सुटतील.

वाचनालयवाली

एमपीएससीची मुलं म्हणजे वाचक नव्हेत का? आणि एसीसाठी भिंतींना भोकं कुठे पाडणार, हे आराखड्याशिवाय ठरवून दाखवा.

एडिसनकर

अमेरिकेत उलटं आहे. इथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टची छोटी अनुदानं, साधारण अडीच ते पाच हजार डॉलर, मिळतात ती नियोजनालाच: तज्ज्ञाची फी, अभ्यास, अहवाल. विटा-सिमेंटला त्यातून एक डॉलर चालत नाही. वर तेवढीच रक्कम संस्थेने उभी करायची. त्या अहवालाच्या जोरावर मग मोठ्या पैशाला अर्ज. आपल्याकडे ही शिस्त…

तिठ्यावरचा

…आपल्याकडे ‘मग मोठ्या पैशाला अर्ज’ हेच पान फाटलेलं आहे, साहेब. पहिली पायरी सगळे दाखवतात.

रंकाळा

कोल्हापूरकर म्हणून राहवलं नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. 1915 चं, शाहू महाराजांनी बांधलेलं. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाचा मंचही गेला. लोक रस्त्यावर रडत होते. ‘होतं तसंच उभारू’ अशा घोषणा झाल्या. होतं तसं म्हणजे कसं? लाकडी छताचा सांधा कसा होता, रंगमंचाची खोली किती, आवाज शेवटच्या रांगेला माइकशिवाय कशामुळे पोचायचा? हे जळायच्या आधी मोजून ठेवायचं असतं, राखेत टेप धरून नाही. साबांखातं साहेब, अल्बम म्हणून हिणवता तो याच्यासाठी.

साबांखातं

कोल्हापूरचं दुःख आम्हालाही आहे, ते मध्ये आणून तोंड बंद करू नका. तिथे आधी हवी होती आग विझवायची यंत्रणा, आराखडा नव्हे.

रंकाळा

आगीचा धोका कुठे आहे हे लिहिलेलं प्रकरण आराखड्यातच असतं!! न वाचता किती बोलाल?

चुनखडी

मुद्द्याचं सांगतो. कंपन्या ‘ही तर ओव्हरहेड, पाच टक्क्यांत बसत नाही’ म्हणून आराखड्याला नकार देतात. 2021 च्या सुधारित सीएसआर नियमांत ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाच्या आखणीचा खर्च त्यातून स्पष्ट वगळलाय. अर्ज करताना हे छापून जोडा. आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवा. 2003 मध्ये मुंबई महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इंटॅक यांचा त्रिपक्षीय करार झाला आणि जीर्णोद्धार होऊन 2008 मध्ये दारं उघडली. एकाच करारात तपासणीपासून कामापर्यंत सगळं बांधलेलं. तिठ्यावरच्यांच्या गावात मोडतं ते इथे. अभ्यासाचा दाता वेगळा, कामाचा कोणीच नाही.

तिठ्यावरचा

चला, निदान एवढं मान्य झालं. तालुक्याला बजाज कुठून आणू ते पण सांगा.

साबांखातं

एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो, उपकार माना. खात्यात सगळे सिमेंट का लिहितात? टिकतं म्हणून नव्हे. चुन्याचं दर-विश्लेषण करून मंजूर करून घ्यायचं, मग ऑडिटवाला ‘हा दर कुठून आणला’ विचारणार, त्याला उत्तर द्यायचं. सिमेंटला कोणी विचारत नाही. पण म्हणून सहा लाख रास्त, असं मी म्हटलेलं नाही, नोंद घ्या.

चुनखडी

नोंद घेतली. दगडावर कोरून ठेवतो, हातोडा न मारता.

वाचनालयवाली

@तिठ्यावरचा, पूर्ण कोटी एका दात्याकडे मागू नका. आराखड्यातून पाणी अडवणारी कामं तेवढी वेगळी काढा: पन्हळी, आढ्यावरचे कोने, कुजलेली वाशांची टोकं. त्याचं स्वतंत्र अंदाजपत्रक करा आणि खणागणिक, म्हणजे दोन तुळयांमधल्या एकेका भागासाठी, देणगी मागा. गावातले मुंबईकर एकेक खण घेतात, आमच्याकडे घेतले. उरलेलं नंतर.

तिठ्यावरचा

पाच खण दक्षिणेला आहेत, तिथेच जास्त गळतं. करून बघतो. अंदाजपत्रक नव्या दराने कोण करणार? आधीच्याच कन्सल्टंटने परत फी सांगितलीय.

साबांखातं

पानं स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फुकट बघतो. डीएसआर कोणत्या सालचा धरलाय ते आधी कळवा. आणि जीएसटी धरलाय का? बहुतेक ठिकाणी तो विसरलेला असतो.