कानडीला वाहिनी, मराठीला बटणसुद्धा नाही?

कृष्णाकाठ, सांगली
काल इथंच एकानं लिहिलं, 'मराठी माणूस मॅच हिंदीत बघतो. मराठी समालोचन ऐकलं की शाळेच्या गॅदरिंगची आठवण येते. स्पोर्ट्स चॅनेल मराठीत मागणं म्हणजे उगाच भाषेचं राजकारण.' वाचून डोकं फिरलं. स्टार स्पोर्ट्सनं २०१७ ला तमिळ वाहिनी काढली, २०१८ च्या डिसेंबरात तेलुगू आणि कन्नड. आपल्याकडच्या केबलच्या यादीत कन्नड दिसते, मराठी कुठाय? आणि बोलणारे नाहीत म्हणून सांगू नका. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमानं बारा भाषा दिल्या, त्यात मराठी होती. केदार जाधव मराठी समालोचनाच्या खुर्चीतून उठून त्याच मोसमात बंगळुरूकडून खेळायला गेला. मोबाइलवर जमतं ते टीव्हीवर का जमत नाही? परदेशी कंपन्यांना मराठी म्हणजे हिंदीचीच पोटभाषा वाटते, दुसरं काय.

थर्ड अंपायर, सातारा
तो 'एक' मीच. आधी पत्ता नीट टाका, मग शिव्या द्या. ईएसपीएननं स्टारच्या भागीदारीतला आपला अर्धा वाटा २०१२ लाच विकला. नोव्हेंबर २०२४ पासून स्टार स्पोर्ट्स चालवणाऱ्या जिओस्टारमध्ये परदेशी डिस्नेकडे ३६.८४ टक्केच आहेत, बाकी बहुतेक रिलायन्सच्या गटाकडे. कंपनी परदेशी कुठं राहिली?
राहिला हिशेब. मदुराईतला प्रेक्षक हिंदी वाहिनीवर सापडत नाही. त्याला गाठायचं तर जाहिरातदाराला तमिळ वाहिनीच लागते. कराडचा प्रेक्षक हिंदीवर आधीच बसलाय. त्याच माणसासाठी दोनदा पैसे कोण मोजणार?

केबलची तार, मिरज
मुळात वाहिनी मागताच कशाला? आहे त्याच वाहिनीवर दुसरा आवाज मागा. केबलवर बऱ्याच वाहिन्या एकत्र वाहणाऱ्या एका लहरीत साधारण ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) बसतात. एचडी चित्र त्यातले ६ ते ८ खातं. स्टिरिओ आवाजाला १२८ ते १९२ केबीपीएस पुरतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). म्हणजे एका चित्राच्या जागेत तीसेक भाषा मावतील. समालोचकही मैदानावर लागत नाहीत. मुंबईच्या स्टुडिओत पडद्यावर बघून बोलतात. मैदानातला नुसता गलका वेगळ्या ट्रॅकवर येतो, त्यावर आवाज चढवायचा. गॅदरिंगसारखं वाटतं ते इथंच बिघडतं : गलका फार खाली ठेवला की माणूस बंद खोलीत बोलतोय हे लगेच कळतं. भाषेचा दोष नाही, मिक्सिंगचा आहे.

थर्ड अंपायर, सातारा
मिक्सिंगचं मान्य. पण आवाज बदलला तरी चित्र तेच, म्हणजे जाहिरातही तीच. मराठी जाहिरात विकायला चित्रच वेगळं लागतं. तुमच्या तीस भाषांतून कंपनीला रुपया सुटत नाही.

मातीचं मैदान, विटा
क्रिकेटचं चालू द्या तुमचं. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि आमच्या खेळाची भाषाच पुसली. 'लोण' गेलं, 'ऑल आउट' आलं. अव्वल पकडीचं 'सुपर टॅकल' झालं. चढाईपटूनं ओलांडायलाच हवी ती निदान रेषा 'बॉक लाइन' झाली. चवडा, पट, घोटा, साखळी हे पकडींचे शब्द नव्या पोरांना माहीतच नाहीत. सगळ्यांना 'अँकल होल्ड'. असलं समालोचन मराठीत झालं काय न् हिंदीत झालं काय!

थर्ड अंपायर, सातारा
अहो, नियम बदलले म्हणून शब्द बदलले. 'डू ऑर डाय'ला जुना शब्द होता का? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. हे हुतूतूत कुठं होतं?

मातीचं मैदान, विटा
डू ऑर डायचं मी बोललोच नाही. लोणाचं बोललो. सगळा संघ बाद, वर दोन गुण. कालही तेच, आजही तेच. आणि फेडरेशनच्या इंग्रजी नियमावलीत आजही 'लोना' असंच छापतात! साहेबांच्या भाषेनं आपला शब्द ठेवला, आणि आपल्याच टीव्हीनं टाकून दिला.

कृष्णाकाठ, सांगली
बापू, धागा कशाचा आहे ते बघा की.

मातीचं मैदान, विटा
धागा मराठीचाच आहे ना? मग मी काय उर्दूत बोलतोय? पट आणि चवडा यांत फरक असतो. चवडा म्हणजे जादा गुणासाठी बोनस रेषेकडं टाकलेला पाय पुढनं धरायचा. पट काढताना डोकं खाली घालून दोन्ही पाय ओढायचे. कोपरारक्षक चवडा धरायला गेला आणि मध्यरक्षक मदतीला उशिरा पोचला, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस त्याच्या पुढं एक मीटर. पकड फसली ती कुठल्या रेषेवर फसली, हे समालोचकानं सांगायचं असतं. 'क्या बात है' तीनदा ओरडणं म्हणजे समालोचन नव्हे.

थर्ड अंपायर, सातारा
बरं बाबा, लोण तुमचं. पाहिजे तर सात-बारावर चढवा. बोनस पाच किंवा कमी बचावपटू असताना मिळत नाही, तेही सांगत जा मग.

कोयनेचं पाणी, पाटण
तुम्ही भाषेवर भांडताय, आमच्याकडे चित्राचीच मारामार. २००७ च्या कायद्यानं भारताच्या महत्त्वाच्या मॅचचं चित्र दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. जाहिरातीचा पैसा ७५ टक्के हक्कवाल्याला, २५ प्रसार भारतीला. पण २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते चित्र दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच. म्हणून मॅच लागली की केबलवरच्या दूरदर्शनला दुसराच कार्यक्रम. केबलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात काही नाही. फ्री डिशची छत्री बसवा, प्रश्न मिटला.

केबलची तार, मिरज
चला, आयुष्यात एकदा तरी कुणी केबलवाल्याची बाजू घेतली.
कृष्णाकाठ, मोबाइलवर मराठी आवाज लावून टीव्हीचा म्यूट करणार असाल तर एक ध्यानात ठेवा. मोबाइल केबलच्या मागं वीस-तीस सेकंद तरी चालतो, कधी जास्त. टीव्हीवर त्रिफळा उडालेला असतो आणि कानात अजून गोलंदाज धावतोय. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणारा बॉक्स असेल तर गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना टीव्ही थांबवायचा आणि मोबाइलवर तोच क्षण आला की सोडायचा. ब्रेकनंतर परत जुळवा, मोबाइल पुन्हा सरकतो.
आणि दुसरा आवाज असलेली कुठलीही वाहिनी असो, आधी रिमोटवरचं 'ऑडिओ' किंवा 'लँग' बटण दाबा. एकच भाषा दिसली तर हेडएंडच्या, म्हणजे जिथून केबलवर वाहिन्या सोडतात तिथल्या, माणसाला विचारा. बरेच जण पहिलाच ऑडिओ पुढं सोडतात, बाकीचे तिथंच गळतात. जुने बॉक्स वाहिनी बदलली की पुन्हा पहिल्या भाषेवर येतात, त्यावर इलाज नाही.

कृष्णाकाठ, सांगली
म्हणजे उद्या कंपनीनं मराठी आवाज दिला तरी तो मिरजेतच गळणार?

केबलची तार, मिरज
आमच्याकडे नाही गळणार. शेजारच्यांचं बोलत नाही.

थर्ड अंपायर, सातारा
आवाजाच्या ट्रॅकला माझा विरोध नव्हताच, वाहिनीला होता. फक्त तेवढं 'क्या बात है' मराठीत भाषांतर करून आणू नका.

मातीचं मैदान, विटा
आणि लोणाला लोणच म्हणा.